कुतुबमिनार कोणी सांभाळला?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते बांधकाम खात्यात अभियंता होते. नव्या इमारती त्यांच्या वाट्याला थोड्या आल्या. आयुष्याचा मोठा भाग जुने पूल, जुने बंधारे, जुन्या शाळा यांच्या दुरुस्तीत गेला, असे संयोजकांनी मला सांगितले. नव्या कामाला कोनशिला असते, उद्घाटन असते, फोटो असतो. दुरुस्तीला यातले काहीच नसते. पूल पडला नाही, एवढीच तिची बातमी, आणि ती कुठल्याच वर्तमानपत्रात छापून येत नाही.

म्हणून आजचा विषय ठरवताना मी एक असा दगडी मनोरा निवडला, जो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दिल्लीचा कुतुबमिनार. शाळेच्या पुस्तकात तो एका ओळीत संपतो: कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केला, इल्तुतमिशने पुरा केला. तो मूळचा कोणाचा, यावर दीडशे-पावणेदोनशे वर्षे वादही झाले आहेत. मला विचारायचा आहे तो दुसरा प्रश्न. हा मिनार सांभाळला कोणी? आठशे वर्षांत त्याच्यावर विजा पडल्या, भूकंप झाले, राज्ये बदलली, तरी तो उभा आहे. ही काही दगडाची एकट्याची करामत नव्हे. आणि गंमत अशी की या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिनाराच्या अंगावर नावानिशी कोरलेले आहे.

खालून वर वाचायचा ग्रंथ

आधी वास्तू समजून घेऊ. मिनाराची उंची सुमारे ७२.५ मीटर, म्हणजे २३८ फूट. बुडाशी व्यास १४.३ मीटर, शेंड्याशी जेमतेम पावणेतीन मीटर. आतून गोल फिरत जाणाऱ्या ३७९ पायऱ्या आहेत. मजले पाच. त्यांची उंची ठोकळमानाने खालून वर ९५, ५१, ४१, २५ आणि २२ फूट अशी उतरत जाते. पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की लांबच्या वस्तू लहान दिसण्याचा नजरेचा नियम आणि प्रत्यक्षात लहान होत जाणारे मजले हे दोन्ही एकात मिसळतात आणि मिनार आहे त्याहून उंच भासतो.

प्रत्येक मजल्याचे अंग वेगळे आहे. पहिल्या मजल्यावर एक अर्धगोल उठाव, एक टोकदार कंगोरा, पुन्हा अर्धगोल, असे एकूण चोवीस उठाव आळीपाळीने येतात. दुसऱ्या मजल्यावर सगळे अर्धगोल. तिसऱ्यावर सगळे टोकदार. म्हणजे पहिल्या मजल्याने जे दोन सूर एकत्र लावले, ते पुढच्या दोन मजल्यांनी सुटे करून लावले. चौथ्या मजल्याशी मात्र हे सगळे थांबते. तिथून वर मिनार साधा गोल होतो, आणि लाल-पिवळसर वालुकाश्माच्या जोडीला पांढरा संगमरवर येतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की वरचा भाग हलका दिसावा म्हणून मूळ रचनाकारानेच ही युक्ती केली असावी. तसे नाही. तीन मजल्यांनंतर जे बदलते ते शतक आहे. पहिला मजला ऐबकाच्या वेळचा. मिनाराजवळच्या एका नागरी लेखात संवत १२५६, म्हणजे इसवी सन ११९९, हे वर्ष आहे. त्यावरचे मजले इल्तुतमिशने चढवले. त्याची कारकीर्द १२११ ते १२३६. आणि आज दिसणारे वरचे दोन मजले फिरोजशाह तुघलकाच्या काळातले, म्हणजे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. जसजसे वर जावे तसतसा काळ अलीकडे येतो.

भिंतीच्या पोटात

बाहेरून दिसतो तो घडीव वालुकाश्म. पण मिनार त्या दगडाचा भरीव खांब नाही. बाहेरची भिंत तीन थरांची आहे: बाहेरून घडीव वालुकाश्म, आतून दिल्लीच्या टेकड्यांतला कठीण क्वार्टझाइट, आणि दोहोंच्या मध्ये दगडगोटे व चुना यांची भर. मधोमध दुसरा एक दगडी खांब वर चढत जातो. बाहेरची भिंत आणि हा मधला खांब यांना जिन्याच्या पायऱ्या ठिकठिकाणी बांधून ठेवतात. म्हणजे जिना हा नुसता वर जायचा रस्ता नाही, तो मिनाराचा सांधाही आहे.

हे पोट उघडे पाहायचे असेल तर तिथून थोड्याच अंतरावर सोय आहे. अलाउद्दीन खिलजीने कुतुबमिनाराच्या दुप्पट आकाराचा एक मिनार बांधायला घेतला. १३१६ मध्ये तो वारला आणि काम पहिल्या मजल्यावरच थांबले. आज तो अलाई मिनार पंचवीसेक मीटर उंचीचा, ओबडधोबड दगडांचा प्रचंड ढीग वाटतो. पर्यटक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. पण स्थापत्याच्या विद्यार्थ्याने आधी तिकडे जावे. बाहेरचा घडीव दगड चढवायचा राहिला, म्हणून मध्ययुगीन गवंड्यांनी भर कशी घातली, थर कसे बसवले, जिन्याची वाट कशी ठेवली, हे सगळे तिथे उघड्यावर आहे.

अशी वास्तू टिकते कशी आणि मोडते कुठे? गोल छेद असल्याने वाऱ्याला आणि हादऱ्याला अडून राहणारा कोपरा नाही. वर जाताना अंग निमुळते होते, त्यामुळे वजन खाली राहते. पण भूकंपात जमीन हलली की सर्वांत जास्त हेलकावा शेंड्याला बसतो. बांबू बुडाशी धरून झटकला तर टोकच जास्त हलते, तसे. वीजही शेंड्यालाच शोधते. म्हणजे मिनाराला इजा व्हायची ती वरच. खालचे तीन मजले मूळचे राहिले आणि वरचे दोन पुन्हा बांधावे लागले, याचे कारण इतके सरळ आहे.

दोन परंपरा, एक हातोडा

मिनाराची कल्पना आली ती अफगाणिस्तानातून. गझनी शहराबाहेर तिसरा मसूद आणि बहरामशाह यांनी बाराव्या शतकात उभारलेले दोन मनोरे आहेत. त्यांचा छेद ताऱ्याच्या आकाराचा, कंगोरेदार. घोरच्या डोंगरात जाम इथे गियासुद्दीन घोरीचा ६५ मीटरचा मनोरा आहे. हे सारे विटांचे. दिल्लीच्या मिनाराच्या पहिल्या मजल्यावर कोरीव लेखांचे पट्टे आहेत. त्यांत कुराणातल्या आयतींबरोबर हाच गियासुद्दीन आणि त्याचा भाऊ मुइझुद्दीन मुहम्मद यांची नावे येतात. वंशावळ स्पष्ट आहे.

पण दिल्लीत हे काम ज्यांच्या हाती पडले ते विटांचे कारागीर नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या देवळे घडवणारे पाथरवट होते. विटांच्या भाषेतला मनोरा त्यांनी दगडात बोलून दाखवला. सज्ज्यांखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी जी कोरीव रचना आहे, मुकर्नस म्हणतात तिला, ती मध्य आशियात वीट आणि गिलाव्यात होत असे. इथे ती दगडाचा एकेक थर थोडा थोडा पुढे काढत, तोड्यांवर तोलून साधली. शेजारच्या मशिदीच्या दर्शनी कमानी पाहा. आकार कमानीचा आहे, पण त्यात कमानीचे तंत्र नाही. पाचरीसारखे दगड एकमेकांत दाबून भार पेलण्याऐवजी इथे दोन्ही बाजूंनी थर पुढे सरकवत वर मिळवले आहेत. भारतातली आज टिकून असलेली पहिली खरी कमान म्हणून सहसा सुलतान बल्बनच्या कबरीकडे बोट दाखवतात. ती तेराव्या शतकाच्या अखेरची.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला मिनाराचे कंगोरे पाहून एक ओळखीची जाणीव होते. अंबरनाथचे देऊळ किंवा सिन्नरचा गोंदेश्वर यांच्या भिंती कोनांमागून कोन काढत अशाच पुढे-मागे होतात, आणि उन्हाबरोबर त्यांवरच्या सावल्या फिरतात. मिनाराचा आकार अंबरनाथवरून आलेला नाही, हे उघड आहे. पण कोनाकोनाने भिंत मोडून सावलीला कामाला लावणे हे इथल्या पाथरवटाला नवे नव्हते. मालकाने आकार सांगितला तेव्हा हातांना तो परका वाटला नसावा. पहिल्या मजल्यावरच्या नक्षीत कमळ, घंटा आणि साखळ्या दिसतात त्या याच हातांच्या.

इथे एक गोष्ट झाकून पुढे जाता येणार नाही. हे पाथरवट ज्या आवारात काम करत होते, तिथली मशीद पाडलेल्या देवळांच्या खांबांवर उभी राहिली. मशिदीच्या पूर्व दरवाजावरचा फार्सी लेखच सांगतो की सत्तावीस देवळांचे साहित्य तिच्यासाठी वापरले. कौशल्याचा गौरव करताना तो प्रसंग विसरायचे कारण नाही, आणि प्रसंग आठवताना कौशल्य नाकारायचेही कारण नाही. दोन्ही एकाच दगडावर आहेत.

मिनाराचा खालचा मजला पृथ्वीराजाने बांधला, असे मत एकोणिसाव्या शतकात जोरात मांडले गेले. सर सय्यद अहमद खानही त्या मताकडे झुकले होते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख कनिंगहॅम यांचे सहायक बेग्लर यांनी तर ते हिरिरीने मांडले. कनिंगहॅम यांनी आपल्याच खात्याच्या अहवालात आपल्याच सहायकाचे मत छापले आणि ते आपल्याला मान्य नाही, असेही छापले. वाद घालण्याची ही रीत आज अनुकरणीय वाटते. लेखांचे पट्टे मूळ बांधकामातच गुंफलेले आहेत, आणि गझनीचे मनोरे समोर ठेवले की कल्पनेचा उगमही दिसतो. त्यामुळे तो वाद मी इथेच सोडतो.

वीज पडली, आणि नावे उरली

आता खऱ्या विषयाकडे येऊ. मुहम्मद तुघलकाच्या काळात मिनारावर वीज पडल्याची नोंद एका नागरी लेखात आहे. फिरोजशाहाच्या काळात, १३६८च्या सुमारास, पुन्हा वीज पडली आणि या वेळी शेंड्याचे मोठे नुकसान झाले. फिरोजशाहाने चौथा मजला नव्याने बांधला आणि वर पाचवा चढवला.

फिरोजशाहाने आपल्या कामांचा एक वृत्तांत लिहून ठेवला आहे: ‘फुतुहात-इ-फिरोजशाही’. त्यात तो म्हणतो की आधीच्या राजांच्या आणि सरदारांच्या पडक्या वास्तू दुरुस्त करण्याला मी स्वतःच्या नव्या बांधकामांपेक्षा अग्रक्रम दिला. मिनाराचा उल्लेख करताना तो आपले नाव पुढे काढत नाही. सुलतान मुइझुद्दीनचा मिनार विजेने पडला होता, तो मी दुरुस्त केला आणि पूर्वीपेक्षा उंच केला, एवढेच सांगतो. मिनार दुसऱ्याचा, दुरुस्ती माझी. याच ग्रंथात नवी देवळे पाडल्याचेही तो अभिमानाने नोंदवतो, तेव्हा त्याला आधुनिक वारसाप्रेमी ठरवण्याची घाई नको. पण बांधणाऱ्याचे श्रेय आणि दुरुस्त करणाऱ्याचे श्रेय वेगवेगळे मांडण्याची शिस्त त्याच्याकडे होती, एवढे मान्य करावे लागते.

सुलतानाने आपली बाजू फार्सीत लिहिली. कामगारांनी आपली नागरीत लिहिली. याच दुरुस्तीच्या वेळचा एक नागरी लेख फिरोजशाहाच्या राज्याचा उल्लेख करतो, कामाला जीर्णोद्धार म्हणतो, आणि ते विश्वकर्म्याच्या कृपेने पार पडले असे सांगतो. सूत्रधाराचे, म्हणजे मुख्य स्थपतीचे, नाव आहे चाहड, देवपालाचा मुलगा. तुघलक काळातल्याच नागरी लेखांत नाना, साल्हा, लोला, लष्मण अशी आणखी कारागिरांची नावे येतात, आणि धर्मू वनाणी या सुताराचेही.

दगडी मिनारावर सुतार कशाला, असा प्रश्न पडेल. परांची बांधल्याशिवाय दोनशे फुटांवर दगड चढत नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मिनाराचा शेंडा पुन्हा बांधायचा, तर जमिनीपासून वरपर्यंत लाकडी सांगाडा उभा करावा लागतो, किंवा सज्ज्यांवरून तो पुढे काढावा लागतो. जड दगड वर ओढायला लाकडाचीच यंत्रणा लागते. काम संपले की हा सगळा सांगाडा उतरवला जातो आणि त्याचा मागमूसही उरत नाही. धर्मूचे काम नाहीसे होणारेच होते. त्याचे नाव मात्र दगडावर राहिले.

या नोंदींचे मोल कळायचे असेल तर आपल्याकडच्या किती किल्ल्यांच्या, किती वाड्यांच्या गवंड्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, हे आठवून पाहा. बांधणाऱ्यांचीच सापडत नाहीत, तिथे डागडुजी करणाऱ्यांची कुठून सापडणार?

आणि एक. फिरोजशाहाच्या कारागिरांनी खालच्या मजल्यांची नक्कल केली नाही. उठाव सोडले, संगमरवर आणला, अंग गोल ठेवले. सौंदर्याच्या दृष्टीने हे योग्य झाले का, यावर दुमत होऊ शकते. मला स्वतःला तिसऱ्या मजल्यानंतर मिनाराची लय थोडी तुटल्यासारखी वाटते. पण त्यांच्या कामाने कोणाला फसवले नाही. जुने कुठे संपले आणि नवे कुठे सुरू झाले, हे आजही रस्त्यावरून जाणारा माणूस बोट ठेवून दाखवू शकतो.

ऐकीव मिनार

फिरोजशाहाच्या दुरुस्तीपूर्वीच मिनाराची कीर्ती दूरवर गेली होती. सीरियातला भूगोलकार अबुल फिदा याने ऐकीव माहितीवरून लिहिले की लाल दगडाच्या या मिनाराला तोड नाही आणि त्याला सुमारे ३६० पायऱ्या आहेत. पाचवा मजला चढण्यापूर्वीचा हा आकडा आजच्या ३७९च्या किती जवळ आहे! इब्न बतूता मात्र स्वतः दिल्लीत राहिला, आणि त्याने लिहिले की या मिनाराचा जिना इतका रुंद आहे की त्यावरून हत्ती चढतात. बांधकामाच्या वेळी दगड घेऊन वर जाणारा हत्ती आपण पाहिला, असे एका विश्वासू माणसाने त्याला सांगितले होते. ज्याने मिनार पाहिला नाही त्याचा आकडा बरोबर, आणि जो तिथे राहिला त्याच्या मिनारावर हत्ती. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळाला की निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भेगा, भूकंप आणि घुमटी

पुढची नोंद सिकंदर लोदीच्या काळातली, १५०३ची. प्रवेशद्वारावरचा लेख सांगतो की खवास खानाचा मुलगा फतह खान याने दुरुस्ती केली. मिनाराला तडे गेले होते, ते भरून काढले. नवे मजले नाहीत, संगमरवर नाही. भेगा भरल्या. ही दुरुस्ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पर्यटनाच्या पुस्तकांत तिला अर्धी ओळ मिळते. पण तीन थरांच्या भिंतीत बाहेरचा दगड सुटला आणि पाणी आतल्या भरीत शिरले, की चुना धुऊन जातो आणि भिंत फुगते. अशा वास्तूचा मृत्यू वरून येतो तसा आतूनही येतो. फतह खानाने भरलेल्या भेगा हे तितकेच मोठे काम होते, असे मी म्हणेन.

त्यानंतर १ सप्टेंबर १८०३चा भूकंप. मिनारावरची छत्री कोसळली, सज्ज्यांचे कठडे पडले, भिंतींना तडे गेले. मराठी श्रोत्यांनी ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या वेळी दिल्लीचा बादशाह शिंद्यांच्या संरक्षणाखाली होता. भूकंपानंतर दहाच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला. दिल्ली इंग्रजांकडे गेली आणि जखमी मिनाराची जबाबदारीही त्यांच्याकडेच गेली.

त्यांनी हे काम बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी रॉबर्ट स्मिथ याच्याकडे सोपवले. १८२८ मध्ये ते पूर्ण झाले. स्मिथने ढासळलेले दगड बसवले, तडे बुजवले, जिना आणि प्रवेशद्वार नीट केले. आणि मग, कोणी सांगितले नसताना, शेंड्यावर आपल्या कल्पनेतली बंगाली धाटणीची एक घुमटी चढवली. ती मिनाराला इतकी विसंगत दिसली की १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या हुकमाने खाली उतरवण्यात आली. आजही ती मिनाराच्या आवारात हिरवळीवर ठेवलेली आहे. लोक तिला ‘स्मिथचा वेडेपणा’ म्हणतात.

मला इथे स्मिथचा वकील व्हायचे आहे, थोडा वेळ. घुमटी हास्यास्पद होती, मान्य. पण मिनार उभा राहिला तो याच माणसाने तडे भरले म्हणून. त्याच्या कामातला नव्वद टक्के भाग कोणाला दिसत नाही आणि दहा टक्के भाग दोनशे वर्षे चेष्टेचा विषय आहे. दुरुस्ती करणाऱ्याचे हे नेहमीचे नशीब.

त्या काळच्या दुरुस्तीवरचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो घुमटीपेक्षा गंभीर आहे. खालच्या मजल्यावरच्या लेखाचे जे दगड निखळले होते, तिथे नवे दगड बसवताना अक्षरांसारखी दिसणारी अक्षरे कोरली गेली. वाचता न येणाऱ्याने केलेली ती नक्कल. दुरून पाहिले तर सुलेखन अखंड दिसते. जवळ जाऊन वाचू गेले तर शब्दच उभे राहत नाहीत. घुमटी खाली उतरवता आली. या अक्षरांनी खाली काय होते तेच कायमचे पुसले. फिरोजशाहाच्या संगमरवराने रंग बदलला पण मजकूर राखला. या दुरुस्तीने रंग राखला आणि मजकूर घालवला.

टोपलीतला वाचक

यानंतर वीसेक वर्षांनी मिनाराला एक वाचक मिळाला. सय्यद अहमद खान तेव्हा दिल्लीत मुन्सफ होते. दिल्लीच्या वास्तूंवरचा त्यांचा ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ १८४७ मध्ये निघाला. मिनाराच्या उंचावरचे लेख खालून वाचता येत नव्हते. हाली यांनी ‘हयात-ए-जावेद’ या त्यांच्या चरित्रात सांगितले आहे की ते दोन बल्ल्यांना बांधलेल्या टोपलीत बसून वर जात आणि लेखांची नक्कल उतरवून घेत. खाली उभे असलेले त्यांचे मित्र मौलाना इमाम बख्श सहबाई भीतीने पांढरेफटक पडत.

घटनांचा क्रम पाहा. १८२८ला दगड बसवले, १८४०च्या दशकात लेख वाचले. आधी दुरुस्ती, मग वाचन. क्रम उलटा झाला असता, तर पहिल्या मजल्यावरचा तो भाग आज वाचता आला असता. वास्तू सांभाळणाऱ्या प्रत्येकाने कोरून ठेवावे असे एकच सूत्र मला या मिनाराने दिले असेल, तर ते हे: आधी वाचा, मग हात लावा.

१९६४च्या व्हेनिस सनदेने संवर्धनाचे जागतिक तत्त्व म्हणून मांडले: नवे घातलेले मूळ रचनेशी मिळतेजुळते असावे, पण ते नवे आहे हे ओळखू यावे, अंदाज जिथे सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबावी. त्याही आधी, १९२३ मध्ये, जॉन मार्शल यांच्या संवर्धन-नियमावलीने भारतातल्या पुरातत्त्व खात्याला जतनावर भर द्यायला सांगितले होते. उलट इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेच्या २००४च्या सनदेने दुसरी बाजू पुढे आणली: जिथे कारागिरांची परंपरा जिवंत आहे, तिथे त्यांच्या हाताला कोरीव कामाची पुनर्निर्मिती करू द्यावी. या दोन्हींत भांडण आहे असे समजले जाते. मिनाराकडे पाहून मला तसे वाटत नाही. चाहड जिवंत परंपरेतला सूत्रधार होता, त्याला काम करू दिले, आणि त्याने नवे काम ओळखू येईल असेही ठेवले. एकोणिसाव्या शतकात तेच करताना तंत्र होते, पण लिपीची जाण नव्हती. अडचण परंपरेची किंवा तत्त्वाची नव्हती. न वाचता कोरण्याची होती.

आजचा मिनार

१९९३ मध्ये कुतुब परिसर जागतिक वारसा यादीत आला. मिनार नैर्ऋत्येकडे सुमारे दोन फुटांनी कललेला आहे. हे प्रमाण सुरक्षित मर्यादेत आहे, आणि पायाशी पाणी मुरू नये याकडे लक्ष ठेवावे लागते. पण त्याच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत दुःखद घटना दगडाची नाही. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतल्या जिन्यात वीज गेली, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शाळकरी मुले बरीच होती. चढणारे आणि उतरणारे यांना एकच अरुंद जिना, एवढे कारण पुरेसे झाले. तेव्हापासून आतला जिना सर्वांसाठी बंद आहे. वास्तू सांभाळणे म्हणजे तिच्यात येणाऱ्या माणसांना सांभाळणेही आहे, हे त्या दिवसाने शिकवले.

गझनीच्या मनोऱ्यांचे काय झाले, तेही सांगतो. तिसऱ्या मसूदच्या मनोऱ्याचा वरचा गोल भाग १९०२च्या भूकंपात कोसळला. आज त्याचा ताऱ्यासारखा खालचा भाग तेवढा उरला आहे. तिथेही कारागीर उत्तम होते, आणि इजाही दिल्लीसारखी शेंड्यालाच झाली. दिल्लीच्या मिनाराला मात्र पडल्यानंतर दर वेळी कोणीतरी पुन्हा हात लावणारे मिळाले. दोन्ही मनोऱ्यांच्या नशिबात जो फरक पडला तो त्या हातांनी पडला.

आता आपल्या अंगणात येऊ. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूत जिंजी. आनंद रास्त आहे. पण यादीत नाव आल्यावर पैसा येतो, पैशाबरोबर दुरुस्ती येते आणि दुरुस्तीबरोबर घाई. बुरुजाचा ढासळलेला भाग उद्या बांधला जाईल, तेव्हा तो दगड कुठल्या खाणीतला, चुन्यात काय मिसळले, मूळ थर कुठे संपतो, कोणत्या जुन्या मोजणीवरून किंवा छायाचित्रावरून उंची ठरवली, हे कोण लिहून ठेवणार? ठेकेदाराचे बिल ही नोंद नव्हे. खात्याच्या फायलीत हे असतेही कधी कधी, पण फाईल आणि बुरुज यांची भेट क्वचितच होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि खर्च फार नाही. प्रत्येक दुरुस्त केलेल्या वास्तूवर, बेताच्या आकाराचा, नजरेत न खुपणारा एक दगड बसवावा. त्यावर वर्ष असावे, काय दुरुस्त केले ते असावे, आणि काम करणाऱ्या गवंड्यांची, पाथरवटांची आणि परांची बांधणाऱ्यांची नावे असावीत. मंत्र्यांचे नाव नसले तरी चालेल. ते कोनशिलेवर असतेच. ज्याला आपले नाव दगडावर येणार हे माहीत आहे, तो गवंडी सांधा भरताना दोनदा पाहतो. आणि पुढच्या शतकात तोच सांधा पुन्हा उघडावा लागला, तर उघडणाऱ्याला समोर एक ओळखीचा माणूस भेटतो, ज्याने आपल्या आधी हे काम केले आणि काय केले ते सांगून ठेवले. चौदाव्या शतकात, सुलतानाच्या राज्यात, चाहडला आणि धर्मूला ही मुभा होती. आपण लोकशाहीत आहोत. आपल्या गवंड्यांना तेवढी तरी द्यावी.